पूर्णविरामाआधीची जागा

मी मजकूर वाचत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

माझं दुकान एका जिन्याखाली आहे. एक टेबल, दोन संगणक, एक प्रिंटर, आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, म्हणून गिऱ्हाईक फार वेळ बसत नाही. पाटीवर लिहिलंय, ‘मजकूर सरळ करून मिळेल.’ लोक आपापल्या फाइली घेऊन येतात. कुणाचा प्रबंध, कुणाचा करारनामा, कुणाच्या इमारतीचे नियम. घरी सगळं छान दिसत होतं म्हणतात, आणि इथं उघडलं की परिच्छेद वाट फुटेल तिकडे पळालेले असतात. आकडे एकाखाली एक येत नाहीत. मधोमध असायला हवा तो मथळा एका बाजूला कलंडलेला असतो. दर वेळी कारण एकच. माणसानं स्पेसबार दाबलेला असतो.

ओळ उजवीकडे न्यायची असेल तर त्यासाठी एक बटण आहे. मधोमध आणायची असेल तर त्याच्या शेजारी दुसरं आहे. दोन्ही कडा सरळ करायच्या असतील तर तिसरं. डोळ्यांसमोर, पडद्याच्या वरच्या बाजूला, चित्रासकट. पण माणूस स्पेसबार दाबत बसतो, ओळ हवी तिथं पोचेपर्यंत. मग अक्षराचा आकार बदलला, कागद बदलला, की सगळा डोलारा कोसळतो आणि माणूस माझ्याकडे येतो. मी ‘खुणा दाखवा’ या बटणावर टिचकी मारते. जिथं जिथं स्पेस दिली असेल तिथं एक बारीक ठिपका दिसू लागतो, आणि पडद्याला मुंग्या लागतात. गिऱ्हाईक विचारतं, “हे काय?” मी म्हणते, “हे तुम्ही.”

प्रबंधवाली पोरं मला माझ्या पाठीमागे समासबाई म्हणतात. कागदाच्या कडेला कोरी जागा सोडतात तिच्याबद्दल मी जरा जास्त बोलते, एवढंच कारण. मला त्याचं काही वाटत नाही.

तर, मजकूर वाचत नाही. डोक्यात अर्थ शिरला की हात अडखळतो. मला ओळीची कड दिसते, परिच्छेदांतलं अंतर दिसतं, बाकी काही दिसत नाही. एकदा मी एका घटस्फोटाचा अर्ज तीन वेळा सरळ करून दिला, आणि तो माझ्या सख्ख्या चुलतभावाचा होता हे मला पुढे एका घरगुती जेवणात कळलं. अर्ज मात्र देखणा झाला होता, हे त्यानंही मान्य केलं.

आता माझे आईबाबा.

बाबा एका सरकारी कार्यालयात चौतीस वर्षं टायपिस्ट होते, त्यातली शेवटची बारा हेड टायपिस्ट. आई शाळेत भाषा शिकवायची. सहा वर्षांपूर्वी आईच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली. आईचा हक्क होता. अर्ज पाच वाजेपर्यंत द्यायचा होता, आणि तो टाइप करायचं काम बाबांनी अंगावर घेतलं. ते नुकतेच निवृत्त झाले होते, घरात नवा संगणक आला होता, हात शिवशिवत होते. मजकूर दहा ओळींचा. पण उजवी कड सरळ येईना. टाइपरायटरवर ते शब्दांमधल्या जागा मोजून दोन्ही कडा सुतात आणायचे, आणि त्याबद्दल त्यांचं कार्यालयात नाव होतं. संगणकावरही त्यांनी तेच सुरू केलं. एक ओळ सरळ झाली की खालची हलायची. अर्ज पाच वाजून दहा मिनिटांनी पोचला. दोन्ही कडा सरळ होत्या. अर्ज घ्यायची खिडकी बंद होती.

जागा आईपेक्षा आठ वर्षांनी लहान असलेल्या बाईंना मिळाली. त्या चांगल्या आहेत, असं आई म्हणते, आणि तेवढंच म्हणते.

पुढच्याच रविवारी बाबांचे जुने सहकारी चहाला आले. त्यांतल्या एकानं बाबांच्या टायपिंगचं कौतुक केलं. आई ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, “हो ना. चौतीस वर्षं लोकांचं लिहिलं. स्वतःचं एक वाक्य लिहिलं असेल तर शपथ.” पाहुणे हसले. त्यांना वाटलं, गंमत चाललीय. बाबांनी कप खाली ठेवला आणि त्या दिवसापासून ते आईशी बोलले नाहीत. आई तर त्याआधी पाच दिवसांपासूनच बोलत नव्हती, त्यामुळे हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

सहा वर्षं. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवून. ‘अहो’ हा शब्द त्या घरात फक्त भाजीवाल्याच्या वाट्याला आला, आणि ‘अगं’ माझ्या.

पण घर चालवायचं तर निरोप द्यावे लागतात. एक दिवस बाबांनी संगणकावर ‘गॅस संपत आला आहे.’ असं टाइप करून पडदा तसाच चालू ठेवला. आईनं खाली लिहिलं, ‘सांगितला आहे.’ आपलं वाक्य त्यांच्या वाक्यात मिसळू नये म्हणून तिनं ते उजव्या कडेला नेलं. त्याचं बटण तिला मीच शिकवलं होतं. लिहून झालं की खालची ओळ ती परत डावीकडे लावून ठेवायची. बाबांना बटणं माहीत नाहीत. त्यांच्या लेखी संगणक म्हणजे दिवा लावलेला टाइपरायटर. त्यांची वाक्यं डावीकडून सुरू व्हायची, कारण कागदावर वाक्य तिथूनच सुरू होतं. अशी सोय लागली. डावीकडे बाबा, उजवीकडे आई. फाइलीचं नाव ‘घर’. बाबा सकाळी लिहायचे, आई दुपारी.

ते लिहितात एवढं मला ठाऊक होतं. डावं-उजवं मात्र ठाऊक नव्हतं. आईबापांच्या फाइलीत डोकावू नये, एवढी अक्कल मला आहे.

मग आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बाबा सोबत होते. नर्स मधे उभी राहून दोघांचे निरोप पोचवत होती. “त्यांना सांगा, चष्मा माझ्याकडे आहे.” “त्यांना विचारा, कुठल्या खिशात?” शेवटी ती नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, “यांना ऐकू येत नाही का एकमेकांचं?” मी म्हटलं, “येतं. तीच अडचण आहे.”

डॉक्टरांनी महिनाभर पडदा बघायला मनाई केली. म्हणजे घरातलं उरलंसुरलं बोलणंही बंद. चौथ्या दिवशी आईनं मला बोलावलं. काळा चष्मा लावून ती पलंगावर बसली होती. बाबा चालायला गेले होते.

“ती फाइल मला छापून दे,” ती म्हणाली. “पहिल्या पानापासून. मोठ्या अक्षरात. कागद चालेल म्हणालेत डॉक्टर.”

“कशाला?”

“मावशी बोलावतेय. काका गेल्यापासून एकटी आहे ती. म्हणते, कायमची ये. महिनाअखेर यायचं तर खोली रिकामी करून ठेवते.” तिनं चष्मा नाकावर वर सरकवला. “सहा वर्षांत या घरात माझ्याशी काय बोललं गेलं ते एकदा सलग वाचते. मग जायचं की राहायचं ते ठरवते.”

पलंगाखाली बॅग काढून ठेवली होती. रिकामी होती, पण काढून ठेवली होती. मी म्हटलं, “कुठल्या आकारात? सोळा की अठरा?”

संगणक हॉलमध्ये होता. मी फाइल उघडली. चारशे बारा पानं. अक्षर अठरा केलं आणि पाहिलं तर अर्ध्या ओळी डाव्या कडेला, अर्ध्या उजव्या, मधे कुठंतरी स्पेसचे ढीग. बाबांचं काम, मी मनाशी म्हटलं. हेड टायपिस्ट. चिडायला मला असंही कारण लागत नाही, आणि त्या दिवशी तर पलंगाखाली बॅग होती. मी सगळा मजकूर एकदम निवडला आणि दोन्ही कडा सरळ करण्याचं बटण दाबलं. मग दोन स्पेस असतील तिथं एक कर, असा हुकूम दिला, पुन्हा दिला, एकही जोडी उरली नाही तोवर देत राहिले. संगणकानं बदलांचा आकडा दाखवला. भलामोठा होता, आणि मला बरं वाटलं. फाइल साठवली. पेन ड्राइव्हवर घेतली. दुकानात छापून, भोकं पाडून, दोरीनं बांधून संध्याकाळी आईच्या हातात दिली.

दुकानात मी कुठल्याही फाइलीला हात लावण्याआधी तिची एक प्रत बाजूला ठेवते. घरच्या कामाला ती कोण ठेवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. “हे काय करून ठेवलंस?”

“काय?”

“कोण बोलतंय तेच कळत नाही!”

मी दुकान बंद करून गेले. आईनं समजावून सांगितलं, डावं कोण आणि उजवं कोण, आणि तिथं स्टूल नसूनही मी माझ्या त्या हलत्या स्टुलावर बसल्यासारखी बसले. चोवीस वर्षांच्या धंद्यात मी इतकं नीट काम केलं नव्हतं. सहा वर्षांची दोन माणसं मी एका झटक्यात एक करून ठेवली होती.

“रडू नकोस,” आई म्हणाली. “पेन्सिल घे.”

सगळी पानं एका दिवसात होणार नव्हती, म्हणून मधली मधली काढून आम्ही पेपर तपासायला बसलो. बाबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे पान उलटल्याचा आवाज येत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा एखादा मजकूर वाचत होते. मोठ्यानं वाचायचं, आई सांगेल ते समासात लिहायचं: ‘मी’ किंवा ‘ते’. बरंचसं सोपं होतं. ‘डॉक्टरांकडे जाऊन आलो. साखर ठीक.’ आलो, म्हणजे बाबा. ‘छत्री शाळेत विसरले.’ विसरले, म्हणजे आई. ‘नळवाला अकरा ते एक येणार. मी घरी नसतो.’ बाबा. ‘मीही नसते.’ आई. ‘मग दार कोण उघडणार?’ इथं थांबावं लागलं. ‘मी घरी नसणार असं आधी लिहिलं होतं.’ ‘कुठे?’ ‘पान एकशे तीन.’

“नळवाला आला का शेवटी?” मी विचारलं.

“आला. दोघंही घरी होतो. दोघांनी दार उघडलं.”

आपल्या भाषेची एक खोड मला त्या दिवशी कळली. माणूस आला, गेला, बसला, विसरला, की तो बाई की बुवा ते लगेच उघडं पडतं. पण त्यानं काही केलं, तर केलेलं तेवढं दिसतं आणि करणारा लपतो. ‘चहा केला.’ ‘पडदे धुतले.’ ‘तुझ्या गोळ्या आणल्या’ हे कळतं, पण ‘गोळ्या आणल्या’ हे कळत नाही. आईला मात्र पडद्यांपासून गोळ्यांपर्यंत सगळं आठवत होतं. एखाद्या ओळीपाशी ती म्हणायची, “हे त्यांचं. मी असं पाडून बोलत नाही.” एखाद्या ओळीला नुसती हसायची. ‘वरच्या मजल्यावरच्यांचं कुत्रं तुमच्यासारखं शिंकतं.’ ही तिची. त्याखाली दोन दिवसांनी, ‘ऐकलं. खरं आहे.’

मला वाटू लागलं, ही कुठं जात नाही. इतकं हसणारी बाई बॅग भरत नाही.

पहिलं पान आम्ही शेवटी घेतलं, कारण तेवढं एक पान तिनं दोरीतून सोडवून उशीखाली ठेवलं होतं. तिनं ते काढून माझ्यासमोर धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

‘माझं चुकलं .’

मागेपुढे काही नाही. वर गॅसची गोष्ट, खाली दुधाची.

“हे कुणी लिहिलंय?” आईनं विचारलं.

मी पाहिलं. ना आलो, ना गेले. ‘माझं चुकलं’ हे बाई म्हणाली काय आणि बुवा म्हणाला काय, अक्षरनअक्षर तेच. त्यात माणूस सापडत नाही.

“तुला आठवत नाही?”

“आठवतं म्हणूनच विचारतेय.” तिनं दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “भांडणाला दोन-अडीच महिने झाले होते. ते चालायला गेले होते. त्या चहाच्या दिवशी मी जे बोलले ते मला छळत होतं. पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं. अर्जाचं दुःख अर्जाच्या जागी. म्हणून पहिल्या पानावर गेले, जिथून सुरुवात झाली तिथं, आणि हेच दोन शब्द लिहिले. लिहिले आणि राग आला. म्हटलं, आधी त्यांनी म्हणायला हवं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मी खोडायचं बटण दाबलं आणि उठले.”

“म्हणजे खोडलंस.”

“खोडलं असं मी सहा वर्षं समजतेय. मग हे काय आहे?” तिनं कागद हलवला. “हे त्यांचं असेल, तर त्यांनी म्हटलं आणि मला दिसलं नाही. मी आजच्या आज जाऊन बोलते. पण हे माझंच असेल, खोडायचं राहिलेलं, तर यांनी ते वाचलंय. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासतात, तुला माहीत आहे. वाचून सहा वर्षं गप्प राहिलेत. मग मी मावशीकडे जाते. त्या माणसाच्या घरात मला राहायचं नाही.”

ती हे शांतपणे म्हणाली. वर्गात धडा कुठपर्यंत झाला ते सांगावं तसं.

“डावीकडे होतं की उजवीकडे, एवढंच सांग,” ती म्हणाली.

“मी वाचलं नव्हतं.”

“आणि पूर्णविरामाआधी जागा सुटलीय. एवढी कामाची तू, हे तरी कसं राहिलं?”

“दोनाची एक होते. एकाची शून्य होत नाही,” मी म्हटलं. खरं तर ती जागा मला आधीच खुपत होती. बाबा असं कधी करणार नाहीत. आई तर मुलांचे गुण कापायची त्यासाठी.

मी बाहेरच्या खोलीत गेले. बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही.

“बाबा, ‘घर’ फाइलीची जुनी प्रत आहे का?”

“मूळ बिघडलं?”

“हो.”

“कुणी बिघडवलं?”

“मी. दोन्ही कडा सरळ केल्या.”

वर्तमानपत्र खाली आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. “मीही तेच करत होतो त्या दिवशी,” ते म्हणाले. “वाईट नाद आहे.” उठून त्यांनी कपाटाचा खण उघडला आणि एक पेन ड्राइव्ह काढून दिला. त्यावर टाइप केलेली चिठ्ठी चिकटवली होती: ‘कार्बन’.

“दर महिन्याच्या एक तारखेला एक प्रत,” ते म्हणाले. “आधी कार्बन, मग तपासणी. चौतीस वर्षांत कार्बनशिवाय एक कागद माझ्या टेबलावरून उठला नाही.” मग त्यांनी विचारलं, “ती पहिल्या पानापर्यंत आली का?”

“तिथंच अडलीय,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा वर्तमानपत्र उचललं.

पेन ड्राइव्हवर सत्तर प्रती होत्या. कार्बन एक, कार्बन दोन, ओळीनं. मी दुकानात नेऊन एकेक उघडली. पहिल्या दोनांत ती ओळ नव्हतीच. तिसऱ्या कार्बनमध्ये, पहिल्या पानावर, उजव्या कडेला होती. ‘माझं चुकलं’. पुढे पूर्णविराम नाही. आईनं कधी पूर्णविरामाशिवाय वाक्य सोडलेलं नाही. मग माझी ट्यूब पेटली: एकदा दाबलं की एकच अक्षर खोडलं जातं. घंटा वाजली तेव्हा तिनं फक्त पूर्णविराम खोडला होता.

म्हणजे ओळ तिची होती. आता हे तिला जाऊन सांगायचं, आणि मग पलंगाखालची बॅग भरायला मदत करायची.

चौथा कार्बन मी उघडणारच नव्हते. पण काम अर्धवट सोडायची मला सवय नाही, म्हणून उघडला.

त्यात ‘माझं चुकलं’ डावीकडे होतं. डाव्या कडेला अगदी चिकटून, बाबांच्या बाकीच्या वाक्यांच्या रांगेत. आणि त्याच ओळीत, पार दुसऱ्या टोकाला, उजव्या कडेवर, एकटा पूर्णविराम.

मी खुणा दाखवण्याचं बटण दाबलं. ‘चुकलं’ आणि पूर्णविराम यांच्या मधे ठिपकेच ठिपके होते. ओळीचं अलाइनमेंट, म्हणजे ती कुठल्या कडेला लावलीय ते, तपासलं: उजवंच. आईनं लावलेलं, कुणी हात न लावलेलं. बाबांना ते बदलायचं बटण माहीत नव्हतं. उजवीकडची ओळ डावीकडे न्यायला त्यांना एकच रस्ता ठाऊक होता. नुसत्या स्पेस देऊन ती हलत नाही. उजवीकडे लावलेल्या ओळीच्या शेवटी कितीही स्पेस द्या, अक्षरं जागची ढळत नाहीत. शेवटी काहीतरी ठोकावं लागतं. त्यांनी पूर्णविराम ठोकला होता, आणि तिचं वाक्य जागेवरून उचलून आपल्या बाजूला आणून ठेवलं होतं.

पुढच्या सहासष्ट प्रतींत ते तसंच होतं. दर महिन्याच्या एक तारखेला ते पहिल्या पानावर येऊन तपासत होते, आणि ती कधीतरी वर येऊन वाचेल म्हणून थांबले होते. मी ते एका बटणात साफ केलं होतं. संगणकानं दाखवलेल्या त्या भल्यामोठ्या आकड्यात हेही होतं.

जिन्यावरून माणसं ये-जा करत होती. मी स्टुलावर बसून रडले. स्टूल हलत होतं.

खुणा छापल्या जात नाहीत. म्हणून पडद्याचं चित्र काढलं, मोठं केलं आणि ते छापलं. तिसरा कार्बन एका कागदावर, चौथा दुसऱ्या. पोचले तेव्हा चार वाजले होते. बाबा त्याच खुर्चीत, तेच वर्तमानपत्र. आईनं पलंगावरची पेन्सिल उचलली.

“हे तुझं,” मी पहिला कागद देऊन म्हटलं. “उजवीकडे. पूर्णविराम तेवढा खोडला होतास.”

आईचा चेहरा मिटला. ती बॅगेकडे पाहणार तेवढ्यात मी दुसरा कागद वर ठेवला. “आणि हे एका महिन्यानंतरचं.”

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. “हे ठिपके कसले?”

“एक ठिपका म्हणजे स्पेसबार एकदा.”

“कुणी?”

तिला उत्तर नको होतं. तिनं पेन्सिलीचं टोक पहिल्या ठिपक्यावर ठेवलं आणि मोजायला सुरुवात केली. दहा झाले की बारीक रेघ मारायची. सहा रेघा झाल्या आणि एक ठिपका उरला.

“एकसष्ट,” ती म्हणाली. “बटण धरून ठेवलं असेल.”

“बाबा धरून ठेवत नाहीत. धरून ठेवलं की टाइपरायटर अडकतो असं त्यांचं मत आहे.”

“एकेक दाबलंय?”

“एकेक.”

तिनं काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हणून सांगितलं होतं. डोळे पुसले, चष्मा परत लावला, कागद हातात घेतला आणि बाहेरच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे. वर्तमानपत्र वरच होतं, पण पान उलटत नव्हतं.

“अहो,” आई म्हणाली.

घसा साफ न करता म्हटल्यामुळे तो शब्द नीट आला नाही. तिनं पुन्हा म्हटला.

“अहो. पूर्णविरामाआधी जागा सोडत नाहीत.”

वर्तमानपत्र खाली आलं. बाबांनी त्याची घडी घातली, कडेला कड जुळवून, आणि मांडीवर ठेवली.

“माहीत आहे गं,” ते म्हणाले. “पण त्याच्याशिवाय ओळ परत तुझ्याकडेच जात होती.”